फेंटनआधी क्षारता तपासा
औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातली प्रतिजैविकं नष्ट करण्यावरच्या लेखात सगळा भर ओझोनवर आहे, पण वाळूजमधल्या छोट्या औषध कारखान्याला फेंटनच (फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून ती तोडायची पद्धत) परवडेल. अडचण कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या बोअरच्या पाण्याची. त्यातलं बायकार्बोनेट, म्हणजेच क्षारता, औषध तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (फेंटनमध्ये तयार होणारे अतिक्रियाशील कण) मधेच खाऊन टाकतं. म्हणून आधी सल्फ्युरिक ॲसिडने सांडपाण्याचा पीएच ३ वर आणा, हवा सोडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढा. मग फेरस सल्फेट, शेवटी पेरॉक्साइड, तेही थोडं थोडं. एकदम ओतलं की फेस, उष्णता आणि माल वाया. पीएच ४ च्या वर सरकला तर लोखंड गाळात बसतं. उरलेलं पेरॉक्साइड सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं ऑक्सिजनच्या गरजेवरून काढलेलं माप) उगाच वाढवून दाखवतं, शिवाय पुढच्या जैविक प्रक्रियेच्या टाकीतले जिवाणू मारतं. आणि हो, सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या रेणूतलं पिपरॅझिन नावाचं कडं लवकर तुटतं, क्विनोलोन हा मुख्य गाभा मात्र तग धरू शकतो. मूळ रेणू दिसेनासा झाला तरी पाणी अजून जिवाणू मारतं का, ही चाचणी घ्याच.