‘कोंडा म्हणजे कोरडी कातडी, तेल चोळा’: कुत्र्यांविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दिवाळी सरून हवा कोरडी पडू लागली, की कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो. कुत्र्याच्या अंगावर पांढरा कोंडा दिसला तर ती केवळ कोरडी पडलेली कातडी असते, डॉक्टरांकडे जाऊन पैसे घालवण्याची गरज नाही. खोबरेल तेलात कापूर घालून ते दोन दिवसांआड चोळावे. आपलाच कोंड्याचा शॅम्पू वापरून वरचेवर आंघोळ घालावी, मग लिंबू किंवा दही लावावे. जेवणात रोज चमचाभर खोबरेल आणि लसणाची एक पाकळी द्यावी. खाज असेल तर घरातले खाजेचे मलम लावावे. आणि हा कोंडा माणसांना लागत नसल्यामुळे काळजी करू नये. संदेश पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः यातले निम्मे उपाय आमच्या लॅब्रॅडॉर कुत्रीवर दीड महिना इमानाने केले होते, म्हणूनच त्यातील एकेका विधानाचा विचार करावासा वाटतो.

पहिले विधान सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. कोंडा म्हणजे कोरडेपणा, हे समीकरण बहुतेक वेळा चुकीचे ठरते. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या मानाने पातळ असतो. तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत सरकत गळून पडायला निरोगी कुत्र्यात सुमारे तीन आठवडे लागतात आणि गळणारे कण इतके बारीक असतात की ते आपल्याला दिसत नाहीत. त्वचेला कशामुळेही त्रास झाला, मग तो पिसवांचा असो, ॲलर्जीचा असो की संप्रेरकांच्या बिघाडाचा, हा वेग वाढतो. कॉकर स्पॅनियलसारख्या जातींत आढळणाऱ्या सेबोरिया या आनुवंशिक त्वचाविकारामध्ये तर तीन आठवड्यांचे काम जेमतेम आठवड्याभरात उरकले जाते. पेशी नीट पक्व होण्याआधीच वर येतात, एकमेकींना चिकटून राहतात आणि पापुद्र्यांच्या रूपाने गळतात. म्हणजे तेथे तेलाची कमतरता नसते, पेशींच्या उत्पादनाला धरबंद राहिलेला नसतो. कित्येकदा तर अशी त्वचा मेणचट आणि तेलकट असते, कानांतून व पंजांच्या बेचक्यांतून कुबट वास येत असतो आणि कोंडा बोटांना चिकटतो. त्या अंगावर आणखी तेल ओतण्यामागचे तर्कशास्त्र मला समजलेले नाही.

कारणांची यादी लांब आहे, तरी आपल्याकडे वारंवार दिसणारी काही नोंदवतो. पिसवा आणि त्यांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर कोंडा व खाज कमरेपासून शेपटीच्या बुडाशी जास्त असते. खरूज कानांच्या कडांना आणि कोपरांना धरते. गजकर्णात गोल चट्ट्यांवरचे केस तुटतात. मॅलॅसेझिया ही यीस्ट कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कातडीच्या घड्यांमध्ये आणि कानांत फोफावते. चायलेटिएला नावाचा एक माइट, म्हणजे कातडीवर राहणारा सूक्ष्म परजीवी, पाठीवरचे पापुद्रे उचलून इतका हलवतो की ‘चालणारा कोंडा’ हे त्याचे टोपणनाव पशुवैद्यकांत रूढ झाले आहे. मध्यम वयाचे कुत्रे खाणे न वाढता जाड होत असेल, सुस्तावले असेल, त्याच्या शेपटीचे केस विरळ झाले असतील आणि तरीही त्याला खाज नसेल, तर थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे का, हे पाहावे लागते. आमच्या कुत्रीचे निदान शेवटी हेच निघाले. आता या प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे आणि संदेशात सर्वांना एकच बाटली दिलेली आहे.

तरीही संदेशातला खरा अंश मान्य केला पाहिजे. नाशिक-पुण्याच्या थंडीत, किंवा दिवसभर एसी असलेल्या खोलीत राहणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर थोडी भुरभुर दिसू शकते. खाज नाही, केस गळत नाहीत, वास नाही, लाली नाही, भूक व्यवस्थित आहे, अशा कुत्र्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याची घाई नाही. रोज ब्रश करून, आंघोळी कमी करून आणि आहार तपासून तीन-चार आठवडे वाट पाहता येते. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये तर इक्थिओसिस नावाचा एक जन्मजात प्रकार असतो, ज्यात पोटावर आणि कुशींवर राखाडी-पांढरे मोठे पापुद्रे आयुष्यभर येत-जात राहतात, ते पुरते बरे होत नाहीत आणि कुत्र्याला त्यांचा फारसा त्रासही नसतो. पण हा तोच प्रकार आहे हे तपासणीनंतरच म्हणता येते, आणि संदेश तर तपासणीच नको म्हणतो.

आता तेल. साधे खोबरेल अंगाला थोडेसे लावल्याने कुत्र्याला मोठी इजा होत नाही आणि कोरड्या नाकावर किंवा कोपरावर ते तात्पुरता मऊपणा देते, एवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. अडचण अशी आहे की तेल लावले की कोंडा बरा होत नाही, तो दिसेनासा होतो, कारण पांढरे पापुद्रे ओले होऊन केसांना चिकटतात. दुसऱ्या दिवशी आपण समाधानाने मान डोलावतो. चौथ्या दिवशी कोंडा पुन्हा दिसतो, आपण पुन्हा तेल लावतो आणि असे आठवडे निघून जातात. आमच्याकडे हेच झाले. शिवाय यीस्टला तेलकट जागा मानवते आणि लावलेले बरेचसे तेल कुत्रे चाटून टाकते.

चाटण्याच्या या सवयीमुळेच कापूर हा या संदेशातला सर्वांत घातक शब्द ठरतो. माणसांच्या डोक्यातील कोंड्यासाठी खोबरेल आणि कापूर हा आपल्याकडचा जुना घरगुती उपाय आहे, तेथूनच तो कुत्र्यांकडे आला असावा. पण माणूस स्वतःचे डोके चाटत नाही. कापूर आतड्यातून तसाच त्वचेतूनही वेगाने शोषला जातो आणि त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो: लाळ गळणे, उलट्या, थरथर आणि पुढे झटके. देवापुढच्या डबीतल्या दोन वड्यांनी काय होणार, असे वाटत असेल तर कुत्र्याचे वजन लक्षात घ्यावे. पाच-सहा किलोच्या पॉमेरेनियनला ते प्रमाण लहान नसते. अशाच घरगुती उपायांत सुचवल्या जाणाऱ्या टी ट्री या झाडाच्या तेलाचेही तेच. अमेरिकेतील विषबाधांच्या नोंदींवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००२ ते २०१२ या काळातील ४४३ कुत्र्या-मांजरांची प्रकरणे तपासली आहेत, ज्यांच्या अंगावर किंवा पोटात हे तेल शुद्ध स्वरूपात गेले होते. अशक्तपणा, तोल जाणे आणि स्नायूंची थरथर ही त्यांतली ठळक लक्षणे होती. ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ हे वाक्य निदान या दोन पदार्थांपुरते तरी मागे घ्यावे.

याच संदेशाची एक आवृत्ती गल्लीतल्या कुत्र्यांसाठी आहे आणि तिच्यात गॅरेजमधले जळके ऑईल फासायला सांगितले आहे. या ऑइलात जड धातू आणि इंधनाचे अवशेष असतात, ते चाटले जाते, कातडी भाजल्यासारखी होते आणि खरजेचा माइट आत बोगदे करून राहत असल्याने तो त्याने हमखास मरतोच असे नाही. खरजेवरचा दुसरा जुना उपाय असलेल्या गंधकाची गोष्ट मात्र वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गंधक पापुद्रे सुटे करते, माइटवरही चालते आणि पशुवैद्यकांनी दिलेल्या अनेक शॅम्पूंत सॅलिसिलिक आम्लासोबत ते असतेच. जुन्या माणसांच्या त्या ज्ञानाला माझा नमस्कार आहे, मात्र त्याची मात्रा अंदाजपंचे ठरवायची नसते.

शॅम्पूविषयी एक मुद्दा नेहमी पुढे केला जातो: माणसाच्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, साधारण ५.५ असतो, कुत्र्याचा ६ ते ७.५ च्या दरम्यान, म्हणून माणसांचा शॅम्पू चालत नाही. हा मुद्दा चुकीचा नाही, पण माझ्या मते त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, कारण कुत्र्याचा पीएच जातीनुसार आणि शरीराच्या भागानुसार बराच बदलतो. खरी गफलत दुसरी आहे. माणसाच्या डोक्यातील कोंडा मुख्यतः टाळूवरच्या यीस्टशी जोडलेला आहे आणि कोंड्याचे शॅम्पू तिला आवरण्यासाठी बनवलेले आहेत. कुत्र्याच्या कोंड्याचे कारण पिसवा किंवा थायरॉइड असेल, तर हा शॅम्पू कोणाला आवरणार? त्यांतला सेलेनियम सल्फाइड हा घटक तर कुत्र्याच्या त्वचेला सहज जळजळ देतो. वरचेवर आंघोळ घालावी की नाही, याचेही सरसकट उत्तर नाही. निव्वळ कोरड्या त्वचेला वरचेवरच्या आंघोळीने अपायच होतो. याउलट चिकट सेबोरियात सुरुवातीला आठवड्यातून दोनदा औषधी आंघोळ सांगितली जाते आणि ती हळूहळू कमी केली जाते. अशा औषधी शॅम्पूचा फेस अंगावर साधारण दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. दहा मिनिटे बाथरूममध्ये कुत्र्याला धरून ठेवणे काय असते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. पण लावून लगेच धुतलेला शॅम्पू म्हणजे गटारात ओतलेले पैसे. पाणी कोमट असावे, कढत नव्हे.

लिंबाचे आम्ल खाजवून सोललेल्या कातडीवर झोंबते. दही कुत्र्याला पचत असेल तर वाटीत द्यावे, अंगावर लावून काही साधत नाही.

आहाराचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण संदेशाने येथे बरोबर दाराशी जाऊन चुकीची कडी वाजवली आहे. त्वचेची चमक आणि तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती लिनोलेइक आम्ल या स्निग्धाम्लावर अवलंबून असते, जे कुत्र्याचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. खोबरेलात ते सुमारे २ टक्केच असते. त्याचा बहुतांश भाग संपृक्त स्निग्धाचा आहे. याउलट आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या रब्बीतल्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात ते ७० टक्क्यांच्या वर असते आणि सूर्यफुलातही भरपूर असते. खोबरेलाला एवढी प्रसिद्धी आणि करडईचे नावही नाही, याची मला गंमत वाटते. तेल कोणतेही असो, पंधरा किलोच्या कुत्र्याला एक लहान चमचा पुष्कळ झाला. एकदम जास्त दिल्यास जुलाब होतात आणि काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

तेलापेक्षाही आधी पाहायचे ते वाटीतले जेवण. अनेक मराठी घरांत कुत्रे दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर वाढते. त्यात प्रथिने कमी पडतात, आवश्यक स्निग्धाम्ले कमी पडतात आणि धान्याच्या कोंड्यातील फायटेट हा घटक जस्ताला बांधून ठेवत असल्यामुळे असलेले जस्तही पुरते शोषले जात नाही. वाढत्या पिल्लांना याची झळ जास्त बसते. जस्त कमी पडले की तोंडाभोवती, डोळ्यांभोवती, कोपरांवर खपल्या धरतात आणि पंजांच्या गाद्या कडक होतात. अंडी, मांस, मासळी यांचा समावेश असलेला किंवा संतुलित तयार आहार सुरू केल्यावर काही कुत्र्यांचा कोंडा दुसरे काहीही न करता दोन महिन्यांत ओसरतो. जस्ताच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण त्या जास्त झाल्यास रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

लसणानेही नेमके हेच होते. कांदा-लसणाच्या कुळातील घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, परिणाम काही दिवसांनी दिसतो आणि रोजच्या थोड्या थोड्या मात्रा साठत जातात. लसणाने गोचीड पळतात असेही सांगितले जाते, पण त्याला भरवशाचा आधार नाही. महाराष्ट्रात गोचीडताप कुत्र्यांचे बळी घेतो. तेथे लसणाच्या भरवशावर राहून गोचीड-पिसवांचे खरे औषध टाळणे फार महागात पडते.

मलमांविषयी. आपल्याकडे औषधाच्या दुकानात खाजेसाठी मिळणाऱ्या कितीतरी मलमांत बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडने लाली व खाज दोन दिवसांत उतरते आणि मलम लागू पडले असे वाटते. पण मूळ रोग गजकर्ण असेल तर तो झाकला जाऊन पसरतो आणि डेमोडेक्स या दुसऱ्या एका माइटची खरूज असेल तर ती भडकते.

राहिला संसर्गाचा मुद्दा. थायरॉइडचा, ॲलर्जीचा किंवा इक्थिओसिसचा कोंडा माणसाला लागत नाही, हे खरे आहे. सार्कोप्टिक खरूज (कातडीत बोगदे करणाऱ्या माइटची) आणि चायलेटिएला यांनी मात्र घरातल्यांच्या पोटावर, हातांवर खाजरे पुरळ येते, जे कुत्र्यावर उपचार झाल्यानंतर सहसा ओसरते. गजकर्ण तर सरळ पसरते आणि मुलांना लवकर धरते. घरात कुणाला त्याच सुमारास खाज सुटली असेल, तर ती माहिती पशुवैद्यकाला निदानासाठी मोलाची असते.

घरी करण्यासारखी एक तपासणी फुकट आहे. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभे करून बारीक दातांच्या फणीने कमरेकडचे केस विंचरावेत. पडलेल्या कणांत काळे ठिपके दिसले तर ते ओल्या कापसावर ठेवावेत. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. पांढरे कण भिंगाखाली आपणहून सरकताना दिसले तर माइटची शंका घ्यावी.

दवाखान्यातही पहिली पायरी महागड्या रक्ततपासण्यांची नसते. चिकटपट्टीने उचललेला नमुना आणि पात्याने खरवडलेली त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की अर्धे प्रश्न सुटतात. जवळ सोय नसेल तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. थायरॉइडचा संशय असेल तरच पुढे टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) दोन्ही पाहावे लागतात, कारण नुसता टी-४ इतर आजारांतही खाली येतो. नेण्यापूर्वी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नये, कोंडा कधीपासून आहे, खाज आधी आली की कोंडा, जेवणात काय असते, हे लिहून न्यावे, आणि अंगाला तेल लावू नये, कारण चिकटपट्टी तेलकट कातडीला धरत नाही. आधी लावलेले असेल तर ते न लाजता सांगावे. मी सांगितले नव्हते आणि त्यामुळे नमुना पुन्हा द्यायला आठवडा गेला.