पंचवीसची गाडी आणि वाळूचा डंपर

अमेरिकेत समुद्रकाठच्या गावांमध्ये गोल्फ कार्ट रस्त्यावर येऊ द्यायच्या की नाही, यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. वास्तविक त्यांचा कायदा सुटसुटीत आहे. ताशी २० ते २५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने ३२ ते ४० किलोमीटर पळणाऱ्या छोट्या चारचाकीला तिथे १९९८ पासून कमी वेगाचं वाहन असा वेगळा दर्जा आहे. तिला दिवे, इंडिकेटर, आरसे, सीटबेल्ट लागतात आणि बहुतेक राज्यांत ३५ मैलांहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर तिला चालता येत नाही. तरी भांडतात. सुखी माणसं आहेत, त्यांच्याकडे माणूस वाळूकडे जातो. आमच्या खानदेशात समुद्र नाही, पण वाळू आहे. ती गिरणेच्या पात्रातून निघते, डंपरमध्ये बसते आणि माणसाच्या अंगावर येते.

त्या डंपरच्या पुढे ताशी पंचवीस किलोमीटरने एक बॅटरीवरची स्कूटी चाललेली असते. तिच्यावर क्लासला निघालेली दोन पोरं, पायाशी दळणाचा डबा, आणि नंबर प्लेटच्या जागी ‘आई-बाबांचा आशीर्वाद’. नंबर नाही, कारण लागतच नाही. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. म्हणजे पासिंग नाही, लायसन नाही, विमा नाही. दुकानदार हे तिन्ही ‘नाही’ इतक्या कौतुकाने सांगतो की गिऱ्हाईक चौथा ‘नाही’ विचारायचं विसरतं. तो ब्रेकबद्दलचा असतो.

ह्या गाडीची खरी परीक्षा रेल्वेवरच्या पुलावर होते. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, कुठेही जा, गावाच्या मधून रूळ आणि रुळावरून पूल. ३० मीटरला १ मीटर चढ धरा. गाडी बॅटरीसकट ८० किलो, चालवणारा ७५, मागे बसलेली व्यक्ती ६० (हा आकडा कोणी विचारू नये), एकूण २१५. चाकाचा रोध धरून हे वजन वर ओढायला साधारण १०० न्यूटन जोर लागतो. २५० वॅटला १०० ने भागा. सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे तासाला ९ किलोमीटर. बरोबरीने चालणारा भाजीवाला हातगाडी ढकलत ‘काय भो, चार्जिंग कमी शे का?’ असं विचारू शकतो, आणि विचारतोही.

प्रत्यक्षात गाडी नऊच्या वर जाते, कारण २५० हा मोटरने अर्धा तास सलग द्यायचा आकडा आहे. थोडा वेळ ती दुप्पट-अडीचपट जोर लावते. तो फुकट येत नाही. ४८ व्होल्टला २५० वॅट म्हणजे पाच-सव्वापाच अँपिअर; चढावर तोच करंट पंधराला टेकतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी इतक्या जोरात उपसली की व्होल्टेज बसतं, आणि चार बॅटऱ्यांचं मिळून ते ४२ च्या खाली गेलं की कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा डबा, सप्लाय तोडतो. गाडी पुलाच्या बरोबर मध्यावर गप्प. मालक उतरतो, टायरला लाथ घालतो, चावी फिरवतो, कोणाला तरी फोन लावतो. तेवढ्यात बॅटरीला दम मिळतो, व्होल्टेज वर येतं आणि गाडी सुरू होते. मालकाला वाटतं, लाथेने झालं. पुढच्या वेळी तो आणखी जोरात मारतो.

असं वरचेवर होत असेल तर टायरला सोडा, मल्टिमीटर आणा. चार्जरवरून काढून दोन-तीन तासांनी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी मोजा, पावणेतेरा व्होल्टच्या आसपास भरली पाहिजे. मग पुढचं चाक भिंतीला टेकवून, अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर पिळून पुन्हा मोजा. तीन बारावर आणि एक दहावर आली, तर चोर सापडला. एकच नवी टाकून भागत नाही. तीन म्हाताऱ्यांत एक जवान घातला की ओढाताणीत तोही लवकरच त्यांच्यात बसतो. दुकानदार ‘एका चार्जमध्ये साठ’ म्हणतो, तुम्ही पस्तीस धरा. आणि मे महिन्यात बॅटरीच्या आयुष्यातूनही वजा करा. बॅटरीचं तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे, आणि आमच्याकडे पारा ४५ ला गेला की लोक ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात. दुपारी दोनला उन्हातून आणलेली गाडी तशीच चार्जिंगला लावू नका. तास-दीड तास सावलीत ठेवा, रात्री लावा.

आता तिची थोरली बहीण, ई-रिक्षा. हिला पासिंग आहे, लायसन आहे, कायदाही आहे: चार प्रवासी, सगळ्यांचं मिळून ४० किलो सामान, वेग ताशी २५. हा ४० चा आकडा काढणाऱ्याने दाणा बाजार पाहिलेला नसावा, कारण तिथलं गव्हाचं पोतंच ५० किलोचं असतं. चार प्रवासी बसले की ड्रायव्हर निघत नाही. तो दोन्ही बाजूंना पाहतो आणि म्हणतो, ‘सरका ना भो जरा, एकच सीट शे.’ ती एक सीट दोनदा भरते. बॅटऱ्यांसकट तीन-साडेतीनशे किलोची गाडी आता स्वतःच्या वजनाहून जास्त माणसं घेऊन निघते. भार सगळा मागच्या एक्सलवर, त्यामुळे चढावर पुढचं चाक हलकं होतं. हँडल वळवावं आणि गाडीने थोडा विचार करून मग वळावं, असं चालतं. ब्रेक बहुतेकांत मागच्या ड्रमवर, रॉडने किंवा वायरने ओढलेले. वायर सैल झाली की पेडल अर्धं रिकामं जातं आणि ती कसायचं काम पुढच्या आठवड्यावर पडतं. ह्या रिक्षांच्या बॅटरीत पाणी भरावं लागतं. तेही डिस्टिल्ड, बोअरचं नाही. आमच्या बोअरचं पाणी चहाच्या भांड्याला जे करतं तेच प्लेटांना करतं. भरायचं ते चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना अ‍ॅसिड उतू जातं आणि खालचा पत्रा खातं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी टाका.

हे सगळं सोसूनही ह्या गाड्या गावात हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. धुळ्यातल्या नंबर घातलेल्या सरळ गल्ल्या, आग्रा रोडची गर्दी, जळगावचं फुले मार्केट, ह्या ठिकाणी ताशी पंचवीस हा वेग नसून महत्त्वाकांक्षा आहे. तिथे धूर न सोडणारी, अरुंद, चटकन थांबणारी गाडी उत्तमच. आवाज नसतो ही एक खोड. गायी हॉर्नला दाद देत नाहीत आणि माणसं गायींकडून शिकतात.

दुखणं हायवेवर सुरू होतं. सुरत-नागपूर रस्ता, जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. जळगावात खोटेनगरकडून अजिंठा चौफुलीकडे जायचं तर कित्येक वर्षं गावाचा मुख्य रस्ताही तोच आणि देशाचा महामार्गही तोच. मागचा डंपर साठने, पुढची स्कूटी पंचवीसने, फरक पस्तीसचा. पन्नास मीटर अंतर पाच सेकंदांत संपतं, आणि त्यातला दीड सेकंद ड्रायव्हरचा गुटखा थुंकण्यात जातो. बैलगाडी, कापसाने फुगलेली ट्रॉली हीसुद्धा हळूच चालतात, पण ती लांबून दिसतात. ही निळी स्कूटी दिसते ती थेट बंपरला. ई-रिक्षाला ओव्हरटेक करणाऱ्याचंही तसंच. चाळीसच्या वेगाने तिला पार व्हायला सहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साठ-सत्तर मीटर चुकीच्या बाजूने जातो. हायवेच्या कडेने समांतर रस्ते जळगावात वर्षानुवर्षं मागितले जातात ते उगीच नाही. ते सलग, खड्ड्याविना मिळाले तर ह्या गाड्यांची जागा तीच.

तोवर लोक स्वतःच तोडगा काढतात, म्हणजे वायर तोडतात. कंट्रोलरला वेग बांधून ठेवणारी एक वायर असते. मेकॅनिक ती सोडवतो आणि गाडी चाळीसला जाते. पोरगा खूश. पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. २५ चे ४० झाले की ते अडीचपट, आणि ब्रेक तेच, पंचवीससाठी बसवलेले. शिवाय त्या क्षणापासून ती मोटार वाहन ठरते, तेही बिनपासिंगचं आणि बिनविम्याचं. कोणाला धडक बसली तर भरपाई घरातून.

वायर राहू द्या. हायवेला लागूच नका, गल्लीतून लांबचा फेरा घ्या. मागे रिफ्लेक्टरची लाल पट्टी वीतभर तरी लावा, दिवसाही दिवा चालू ठेवा. अजिंठा चौफुली ओलांडायचीच असेल तर गाडी बंद करा, खाली उतरा आणि ढकलत न्या, ऐंशी किलो ढकलता येतात. मागे बसलेल्यालाही उतरवा. तो पलीकडे आधी पोचतो आणि तिथून हात करून सांगतो की हळूहळू ये, घाई नाही.