शेजारी काही बोलेना

पुण्याच्या राउटरची साताऱ्याच्या राउटरशी ओळख करून द्यायची, एवढंच काम. आजवर डेटाचे सगळे रस्ते मी हाताने लिहिलेले, म्हणजे स्टॅटिक राउट. लाइन तुटली की अपरात्री मलाच उठवायचे. ‘ओएसपीएफ लाव. राउटर आपापले रस्ते शोधतील, तू झोप,’ साहेब म्हणाले.

ओएसपीएफचा स्वभाव चाळीतला. दर 10 सेकंदांनी शेजाऱ्याला ‘हॅलो’ म्हणायचं. 40 सेकंद समोरून हॅलो आलं नाही, की शेजारी गेला असं धरायचं. (आमच्या समोरच्या काकांनी पार्किंगच्या भांडणापासून चार वर्षं हॅलो केलेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे.)

रात्री 11 ला कमांड दिल्या. शेजाऱ्यांची यादी कोरी. अर्धा तास साताऱ्याला शिव्या घातल्यावर दिसलं, की सुरक्षेच्या नादात मीच सगळे इंटरफेस (राउटरची बाहेर बोलायची दारं) ‘पॅसिव्ह’ केले होते, म्हणजे हॅलो म्हणायलाच बंदी. मौनव्रत माझ्याच राउटरचं!

ते सोडवलं. शेजारी दिसला आणि ‘एक्सस्टार्ट’वर अडकला. या टप्प्यावर दोघांत मोठा कोण ते ठरतं, मग देवाणघेवाण. थोडक्यात, मानपान. बाराला एक्सस्टार्ट, एकलाही एक्सस्टार्ट. पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारी टिचकी, मात्र झकास.

पुणे-सातारा म्हटलं की बोगदा आलाच. आमची लाइनही टनेलमधूनच जाते, फक्त हा टनेल नेटवर्कमधला. टनेलचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, पुण्याच्या टोकाला 1476 बाइट, साताऱ्याच्या टोकाला कोणीतरी 1400 करून ठेवलेला. पिंगचं चिटुकलं पाकीट कुठूनही जातं. ओएसपीएफवाले मात्र आधी आपापला आकडा सांगतात, आणि समोरचा मोठा निघाला की बोलणी फिसकटतात. पुण्याने कमीपणा घेतला. (पुण्यात हे क्वचित घडतं.) लगेच ‘फुल’, म्हणजे शेजार पक्का!

आनंदाने राउटिंग टेबल, म्हणजे वापरातल्या रस्त्यांची यादी, उघडली. ओएसपीएफचा ‘ओ’ औषधालाही नाही, सगळीकडे स्टॅटिकचा ‘एस’. स्टॅटिकचं डिस्टन्स 1, ओएसपीएफचं 110. (हे अंतर किलोमीटरचं नव्हे, विश्वासाचं.) ज्याचा आकडा लहान त्याचं खरं. जुने रस्ते पुसल्याशिवाय नव्यांना कोण विचारणार?

साताऱ्याच्या राउटरवर शिरून एकेक पुसत गेलो. चौथ्याला स्क्रीन गोठली. तो साताऱ्याहून माझ्याकडे परत यायचा रस्ता होता. माझ्या टेबलावरच्या पीसीचं नेटवर्क ओएसपीएफमध्ये घालायचं राहिलं होतं. पुण्यातच एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं, पण हे सुचलं सकाळी. तेव्हा घाबरून साताऱ्याच्या वॉचमनला फोन लावला, राउटर बंद करून चालू करायला सांगावं म्हणून. पुसलेलं सेव्ह केलं नव्हतं, जुने रस्ते परत आले असते.

रिंग वाजत राहिली. मी 40 सेकंद मोजले.