मे महिन्यातलं गाणं, कूलर आणि माईक

परवा रात्री परभणीत वसमत रोडच्या कट्ट्यावर बसलेलो, साडेनऊ वाजून गेले तरी बुडाखालचा ओटा गरमच होता, आणि विषय निघाला मे महिन्यातल्या गाण्याचा. म्हणजे झालंय असं की आम्ही पाच जण मिळून उन्हाळ्यात तीन दिवस शास्त्रीय गाण्या-वाजवण्याची छोटी बैठक ठेवायची म्हणून दोन वर्षं नुसतं बोलायलोय. ह्या वर्षी आमच्यातल्या गाण्याच्या सरांनी एका शाळेचा हॉल बघून ठेवलाय, साठ-सत्तर माणसं मांडी घालून बसतील एवढा. आणि मी म्हणलं, माईक नको. बास, तिथून जे पेटलं ते साडेबारापर्यंत.

बाळूभाऊचा मंडप-साउंडचा धंदा, वीस वर्षं झाली, लग्नापासून भीमजयंतीपर्यंत सगळं त्यानं केलेलं. तो उठूनच उभा राहिला. "कामून नको? मागं बसलेल्याला काय ऐकू जाणार? आणि गायकच मागतात ना भौ, येऊन बसला की पहिलं वाक्य काय, मॉनिटर वाढवा, थोडा इको द्या. मी माझ्या मनानं नाही देत."

हे खरंच आहे, गायकच मागतात. आता सवयच तशी झालीय. पण मी त्याला मागच्या मे मधला प्रकार सांगितला. कार्यक्रम कुणाचा ते जाऊ द्या. हॉलच्या दोन्ही बाजूंनी दोन मोठे कूलर, ते नसते तर माणूस बसूच शकला नसता हे कबूल, पण त्यांची घरघर एवढी की साउंडवाल्यानं आवाज वाढवला, आवाज वाढला तशी शिट्टी वाजायला लागली म्हणून त्यानं तानपुऱ्याचा माईक कमी केला, मग तबला अंगावर यायला लागला. मी तिसऱ्या रांगेत होतो. गायिका समोर आठ-दहा फुटांवर, तिचं तोंड हलायलं समोर आणि आवाज यायला डावीकडच्या स्पीकरच्या डब्यातून. मागं बसलेल्या पोरीची बोटं तानपुऱ्यावर फिरायलीत, एक, दोन, तीन, चार, अगदी संथ, आणि त्यातलं काहीच ऐकू येत नाही. ती पोरगी दीड तास तसंच वाजवत होती. मला अजून ती बोटंच आठवतात, राग कोणता होता ते आठवत नाही.

बाळूभाऊ म्हणला, "तो साउंडवाल्याचा दोष नाही, कूलरचा आहे." मी म्हणलं तेच म्हणायलो ना मी, एक गोंगाट झाकायला दुसरा आणायचा.

आता नितीन मधी आला. त्याची बहीण ऑस्ट्रियात असते, तो मागच्या जूनमधे तिच्याकडं जाऊन आलाय आणि तेव्हापासून त्याचं निम्मं बोलणं तिथलंच. आम्ही त्याला "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणून गप्प करतो, पण परवा मीच म्हणलं सांग, नीट सांग. तर तिकडं श्वार्त्सेनबेर्ग म्हणून एक गाव आहे, डोंगरात, वस्ती अठराशेच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या मधल्या खेड्याएवढं. तिथं उन्हाळ्यात शुबर्टियाड भरतो, शुबर्ट ह्या संगीतकाराच्या नावानं. १९७६ साली हेरमान प्राय नावाच्या गायकानं होहेनेम्स गावात सुरू केला, पुढं ह्या खेड्यात पण भरायला लागला. लाकडी हॉल, सहाशेच्या आसपास खुर्च्या, बाहेर गाई चरायल्यात आणि आत एक माणूस पियानोच्या कडेला उभा राहून गातोय. माईक नाही. स्पीकर नाही. एक गायक, एक पियानो, दीड तास.

"सहाशे माणसाला माईक नाही?" बाळूभाऊला पटेना.

नाही म्हणे. लाकडाचा हॉल, आणि लोक गप्प. नितीन म्हणला गाण्यांची माळ असती सलग, मधी कुणी टाळी वाजवत नाही, खोकला आला तरी दाबून धरतात आणि गाणं संपलं की सगळे एकदम खोकून घेतात. दुसऱ्या दिवशी चार जणांचं होतं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. पुढं उभं राहून हात हलवणारा कुणी नाही. मग सुरू कसं करतात, तर पहिला व्हायोलिनवाला नाकानं श्वास घेतो, जोरात, सुस्स असा, आणि त्या श्वासावर चौघं एकदम. नितीनला तो श्वास ऐकू आला, सातव्या रांगेत. मला हे एवढं आवडलं ना. आपल्याकडं समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तबलजी गायकाच्या तोंडाकडं बघतो तसंच, फक्त कानानं. जर्मन कवी गटे, त्यानं १८२९ मधे एका पत्रात लिहिलंय की हे चौघांचं वादन म्हणजे चार शहाणी माणसं आपसात बोलायलीत आणि आपण ऐकायलो असं वाटतं. आता आपसात बोलणाऱ्या चौघांच्या पुढं माईक धरला तर ते बोलणं राहतं का भाषण होतं, एवढंच माझं म्हणणं.

माऊली तोपर्यंत काहीच बोलला नव्हता. गंगाखेडकडचा, घरात वारी, स्वतः पखवाज वाजवतो. तो म्हणला, "तुमचं साठ माणसाचं गाणं मला पटत नाही. आमच्या गावच्या सप्त्याला सात दिवस अख्खं गाव जेवतं आणि अख्खं गाव ऐकतं. भोंगा लावतो आम्ही, हाव, लावतो, कारण म्हातारी घरात पडून असती, तिला कीर्तन ऐकू आलं पाहिजे. तुम्ही साठ जणं दार लावून बसणार आणि म्हणणार मराठवाड्यात शास्त्रीय ऐकायला कुणी नाही. कसं असंल? तुम्ही बोलावलंच नाही."

ह्याच्यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. अजून पण पूर्ण सुचलेलं नाही. त्याची म्हातारी खरी आहे. आणि तो पुढं म्हणला की शंकरबापू आपेगावकर कुठून आले, अंबाजोगाईजवळच्या आपेगावातून, वारकरी पखवाजातून वर आले, दार लावलेल्या हॉलमधून नाही. बरोबर आहे. पण मग सरच बोलले, सर एकोणसत्तर वर्षांचे, आयुष्यभर पोरांना गाणं शिकवलं. ते म्हणले, माऊली, कीर्तन हे गावासाठीच बांधलेलं आहे, टाळ, मृदंग, मागं वीस टाळकरी, ते मैदानातच शोभतं. ख्याल तसा नाही. ख्यालातली अर्धी गंमत अशा जागी असते जिथं आवाज जवळजवळ संपलेला असतो. शुबर्टचं पण तसंच असणार, कारण त्यानं ती गाणी थेटरासाठी केलीच नव्हती.

आणि ते तसंच आहे. शुबर्ट १७९७ चा, ३१ व्या वर्षी गेला, तेवढ्यात सहाशेच्या वर गाणी करून ठेवली. व्हिएन्नात मित्रांच्या घरी जमायचे, कुणी कविता वाचायचा, फोगल नावाचा गायक मित्र गायचा, शुबर्ट स्वतः पियानोवर. त्या बैठकांनाच तेव्हापासून शुबर्टियाड म्हणतात. पियानो पण आजच्यापेक्षा हलक्या आवाजाचा. घरातलं गाणं हो ते, दिवाणखान्यातलं, आपली बैठकच.

मग नितीननं शेवटच्या गाण्याचं सांगितलं, आणि इथं चर्चा वळली. हिवाळ्यातल्या प्रवासाची २४ गाण्यांची माळ आहे शुबर्टची, १८२७ ची, मरायच्या आदल्या वर्षीची. प्रेमात हरलेला माणूस बर्फातून चालत राहतो. शेवटी गावाच्या टोकाला त्याला एक म्हातारा दिसतो, बर्फावर अनवाणी, एक पेटीसारखं वाद्य फिरवत बसलेला, ताटली रिकामी, कुत्री गुरगुरायलीत. त्या वाद्याला एक दांडा असतो, तो हातानं गोल फिरवायचा, आत चाक फिरतं, चाक तारांना घासतं आणि खाली एकच सूर सारखा धरलेला राहतो. पियानोत शुबर्टनं डाव्या हाताला काय दिलंय, तर फक्त सा आणि प. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. वरून गायक दोन-दोन ओळी म्हणतो आणि थांबतो.

सरांनी तिथंच बसल्या जागी सा-प धरला, अगदी हळू. वसमत रोडवर ट्रक चाललेले तरी.

"तानपुरा," मी म्हणलं.

"जातं," माऊली म्हणला.

आम्ही सगळे त्याच्याकडं बघायलो. तो म्हणला, "दांडा गोल फिरवायचा, खाली घरघर, वर दोन ओळी आणि थांबायचं. माझी आजी पहाटे जात्यावर असंच म्हणायची. दोन ओळी म्हणायची, मग नुसतं जातं. ऐकायला कोण? मी, पोत्यावर निजलेला. माईक कुठला आलाय." आणि मग स्वतःच गप्प झाला, कारण आपण आता कुणाच्या बाजूनं बोललो हे त्याच्या लक्षात आलं असणार. जनाबाईच्या गावाकडचा माणूस आहे, जातं त्याला सांगावं लागत नाही.

बाळूभाऊ मात्र जागचा हलला नाही, आणि चांगलं झालं हलला नाही. तो म्हणला, "जातं बितं सगळं मान्य. मे मधे रात्री आठला बंद हॉलमधे साठ माणसं कोंबणार, कूलर लावणार का नाही ते सांगा. लावला तर माईक लागतोच. नाही लावला तर दहाव्या मिनिटाला पब्लिक बाहेर." बिनतोड होतं ते. दार उघडं ठेवलं तर रस्ता, लावलं तर भट्टी. आणि सर म्हणले वाद्यांचं पण तेच, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तबल्याचा सूर चढतो, कातडं ताणतं, कूलरजवळ ठेवला की ओलीनं उतरतो, निम्मा वेळ हातोडी चालू.

मधे पैशाचं पण निघालं, ते थोडक्यात सांगतो. साठ माणसात बिदागी कशी निघणार? मी म्हणलं निघत नसंल तर आपण पाच जणांनी घालायची, पण इथल्या पोरांना "सेवा म्हणून या" असं म्हणायचं नाही. मला स्वतःला माहिती आहे, ओळखीच्या एका तबलजी पोराला एका कार्यक्रमानंतर रात्री दीडपर्यंत बसवून ठेवलं आणि नारळ-शाल देऊन पाठवलं, त्याला पूर्णेला जायला गाडी नव्हती. नाथराव नेरळकरांसारखी माणसं नांदेड-औरंगाबादेत राहून शिकवत राहिली म्हणून इथं थोडं तरी गाणं उरलंय, नाहीतर जो तो पुण्याला. ह्यावर वाद झाला नाही, सगळ्यांनी आकडे सांगितले.

आणि मग परत कूलर. आणि कूलरवरचा उपाय माऊलीनंच काढला, जो सगळ्यात जास्त विरोधात होता. म्हणला, "आजी पहाटे दळायची ती कामून? उन्हं वर आली की होत नाही म्हणून. सप्त्यात काकडा किती वाजता असतो? पहाटे. भर उन्हाळ्यात पण माणसं येतात, आंघोळ करून येतात. तुम्हाला रात्री आठलाच गाणं कुणी सांगितलं?"

खरंच कुणी सांगितलं? दिवाळी पहाट गावोगाव होती, नांदेडला गोदावरीच्या घाटावर होती. तर उन्हाळी पहाट का नको, जेव्हा दिवसातले तेवढेच दोन तास माणसाला सहन होतात. रस्ता रिकामा असतो. अजान होऊन गेलेली असती. कूलर लागत नाही, म्हणून माईक लागत नाही. आणि ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सरांनी सांगितली, की सकाळचे राग आता कार्यक्रमात ऐकायलाच मिळत नाहीत, सगळे कार्यक्रम संध्याकाळी, म्हणून पोरं यमन, बिहाग, बागेश्री तयार करतात आणि ललत, भटियार, तोडी नुसती वहीत राहते. ललत मधे पंचमच, म्हणजे प च, नाही. दोन्ही मध्यम, म्हणजे म, लागतात, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावतच नाहीत, मध्यमात लावतात. सरांनी मघाचा सा-प सोडला आणि सा-म धरला, आणि शपथ सांगतो, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, पण हवा बदलल्यासारखी वाटली. हा फरक डब्यातून कळत नाही. तो जवळच बसून कळतो.

माऊलीचा साठ माणसांचा मुद्दा मात्र तसाच आहे. तो म्हणला तीन दिवसांपैकी एक दिवस त्याच्या गावात, मंदिराच्या सभामंडपात, दगडी आहे, आवाज फिरतो, आणि दार नाहीच आहे लावायला. म्हातारीचं घर मंडपाला लागून. मी हो म्हणलं. नितीन म्हणला सहाशे खुर्च्यांचा लाकडी हॉल अठराशेच्या गावात चालतो तर हे पण चालंल.

बाळूभाऊ उठला, गाडीला किक मारता मारता म्हणला, मी असं ऐकून मानणार नाही, मला हॉलमधे बसून बघायचंय. रविवारी पहाटे साडेपाचला सर समोर बसतील, मी शेवटच्या भिंतीला टेकून बसणार, पंखे बंद, आणि सरांचा मंद्रातला, खालच्या सप्तकातला, नी मला ऐकू आला नाही तर दोन माईक गाडीत ठेवलेलेच असतील. सर म्हणले ठेव. आणि मला म्हणले तू चारलाच ये, तानपुरा लावायला अर्धा तास लागतो, खिडक्या उघडून ठेवू, रात्रभराची गरमी निघून जाईल.