फुकटच्या घोटालाही माप हवे

गोव्यात सध्या एक मजकूर मोबाईलवरून मोबाईलवर फिरतो आहे. महोत्सवांत, हॉटेलांत, दुकानांत दारू कंपन्या आणि फेणीवाले लोकांना मोफत चव देतात, त्यावर सरकारने नियम लादू नयेत, असे त्याचे म्हणणे. कारणे सहा दिली आहेत: ही विक्री नव्हे, घोट एवढासा असतो, येणारे सगळे सज्ञान असतात, ही जाहिरात नव्हे, नियम आले की गावचा फेणीकार मरेल, आणि परवाना म्हणजे खाबूगिरी. शेवटच्या दोन कारणांत थोडे तथ्य आहे. पहिली चार टिकत नाहीत.

‘पैसे घेतलेच नाहीत, मग अबकारी खात्याचा संबंध काय?’

गोव्याचा अबकारी कायदा १९६४ चा आहे आणि तो विक्रीपुरता नाही. दारू गाळणे, राज्यात आणणे, बाहेर नेणे, वाहतूक, साठवण हे सगळे त्याच्या कक्षेत येते. नाशिकची वाइन पणजीतल्या कार्यक्रमात चवीसाठी आणायची, तर ती राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावरून परवान्यानिशीच आली पाहिजे. पुढे ती विकली जावो की वाटली जावो. शुल्कही माल कारखान्यातून किंवा बॉण्डेड (शुल्क भरण्याआधी माल ठेवायच्या) गोदामातून बाहेर पडताना लागते, ग्राहकाने पाकीट काढले की नाही यावर ते ठरत नाही. शुल्क न भरलेली किंवा लेबलची नोंद न झालेली बाटली ‘नमुना’ म्हणून उघडली, तरी ती बेकायदा बाटलीच. आणि अशी बाटली शिरायला सगळ्यात सोपी जागा फुकटच्या वाटपाचीच असते, कारण विकलेल्या बाटलीचे बिल निघते, वाटलेल्या बाटलीचा कागद कुणी मागत नाही.

भेट म्हणून दिलेल्या बाटलीचेही तसेच. कार्यक्रमाच्या शेवटी पाहुण्याच्या हातात खोका ठेवला जातो. तो सावंतवाडीचा असेल तर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर महाराष्ट्राचा कायदा त्याच्या गाडीला लागू होतो. परवान्याशिवाय गोव्याची दारू तिथे पकडली गेली, की गुन्हा पाहुण्यावर. खोका देणारी कंपनी तेव्हा तिथे नसते. राज्याबाहेरून आलेल्यांना भरलेली बाटली भेट देऊ नये, द्यायचीच तर परवाना काढून द्यावी, एवढी साधी अट यावर पुरेशी आहे.

‘घोट तो केवढा, त्याने काय होते?’

इथे थोडे थांबून हिशेब करायला हवा, कारण सगळा वाद याच ठिकाणी सुटतो.

बाटलीतली फेणी किंवा व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या १५ मि.ली. घोटात सुमारे ५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. १२.५ टक्क्यांच्या वाइनचा ५० मि.ली. घोटही तेवढाच. आता महोत्सवात सहा स्टॉल आहेत आणि प्रत्येकाकडे एकेक घोट घेतला असे धरा: ३० ग्रॅम, म्हणजे ३० मि.ली.चे तीन पेग. साठ किलो वजनाच्या, रिकाम्या पोटी आलेल्या पुरुषाने एवढे अर्ध्या-पाऊण तासात घेतले, तर रक्तातले प्रमाण १०० मि.ली.ला अंदाजे ६० ते ७० मि.ग्रॅ.वर जाते, त्याच वजनाच्या बाईचे त्याहून जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मि.ग्रॅ. आहे. शरीर तासाला साधारण १५ मि.ग्रॅ. उतरवते, म्हणजे तो माणूस दोन-अडीच तास गाडी चालवण्याच्या लायकीचा नसतो. त्याला मात्र आपण काही ‘प्यायलो’ असे वाटतच नाही, कारण त्याने एकही पूर्ण ग्लास हातात घेतलेला नसतो. बारमध्ये बिल वाढत जाते, तसा हात आखडतो. फुकटच्या चवीला हा लगाम नसतो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आणि इथे तर बरेच पाहुणे भाड्याच्या दुचाकीवरून आलेले असतात.

हुर्राकाची, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या गाळपाच्या दारूची, गोष्ट आणखी वेगळी. ते जेमतेम १५ टक्क्यांचे, म्हणून ‘सौम्य’ समजले जाते. पण ते १५ मि.ली. कुणी देत नाही. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू-सोडा घालून उंच ग्लास पुढे येतो. त्यात हुर्राक १०० मि.ली. असेल तर अल्कोहोल जवळजवळ १२ ग्रॅम भरते, एका पेगाहून जास्त. एप्रिलच्या उन्हात तहानलेला माणूस तो ग्लास सरबतासारखा घटाघट संपवतो.

म्हणून चव देण्याच्या परवान्यात ‘एक चव’ असे मोघम लिहून भागणार नाही. पेयागणिक मि.ली. लिहावे लागतील. आमच्या मते फेणी आणि इतर कडक दारू १० मि.ली., वाइन ३०, हुर्राक ३०, बिअर ६०. या प्रत्येकात साधारण अडीच ते साडेतीन ग्रॅम अल्कोहोल येते, त्यामुळे एका घोटाला एक टोकन ठेवले तर कुठल्याही स्टॉलचे टोकन जवळपास एकाच तोलाचे राहते. माणशी चार टोकन. गाडी चालवणाऱ्याच्या मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी आणि एकही टोकन नाही. त्याला कोकम सरबत द्या, किंवा सीलबंद छोटी बाटली विकत घेण्याची सोय करा.

माप चुकते ते ओतताना. बाटलीच्या तोंडाला मोजून ओतणारे बूच नसेल आणि नजरेच्या अंदाजाने ओतले, तर १० चे २० कधी झाले ते ओतणाऱ्यालाही कळत नाही. गर्दी वाढली की हात आणखी सैल सुटतो. रेघ मारलेला छोटा ग्लास हा सगळ्यात स्वस्त उपाय. स्टॉलवर कंपनीतर्फे ओतून देणाऱ्या प्रमोटरला वाटलेल्या ग्लासांवर पैसे मिळत असतील तर तो ‘अजून एक घ्या’ म्हणणारच, त्यामुळे त्याचा मोबदला दिवसावर ठरलेला हवा. वाइनचे जाणकार घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात. त्यासाठी टेबलावर थुंकीपात्र नसेल, तर चाखायला आलेल्यालाही गिळावेच लागते. पाणी फुकट आणि हाताशी हवे. नुसते खारे शेंगदाणे ठेवले की तहान वाढते आणि पाणी लांब असेल तर ती दारूवरच भागवली जाते. पोळी किंवा पाव, उकडलेले काहीतरी, असे पोटात बसणारे खाणे ठेवावे.

‘येणारे सगळे सज्ञान असतात.’

बंद सभागृहातल्या निमंत्रितांबद्दल हे खरे असेल. जत्रेच्या वाटेवर, चर्चच्या सणाला, म्हणजे फेस्ताला, भरणाऱ्या फेरीत, किनाऱ्यावरच्या खाद्यमहोत्सवात घरेच्या घरे येतात, मुलांसकट. वयाची तपासणी स्टॉलवर ठेवली की ती होत नाही. रांग लागली की ओतणारा तोंडाकडे बघून ओतत जातो. ती प्रवेशद्वारी, ओळखपत्र पाहून, मनगटाला पट्टी बांधून एकदाच व्हावी आणि पट्टी नसलेल्या हाताला ग्लास मिळू नये. चवीचा भाग दोरीने किंवा पडद्याने वेगळा करावा. शाळा आणि देवस्थानांपासून १०० मीटरचे अंतर दुकानांना लागते, ते चवीच्या मांडवालाही लागले पाहिजे.

‘ही जाहिरात नव्हे, संस्कृतीची ओळख आहे.’

ज्या टेबलामागे ब्रँडचा फलक आहे, ब्रँडच्या टोप्या वाटल्या जात आहेत आणि फोटोसाठी ब्रँडची कमान उभी आहे, ते टेबल जाहिरातच करते. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनी दारूची थेट आणि आडून अशा दोन्ही जाहिरातींना बंदी केली. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढून छुप्या जाहिरातींना मनाई केली. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि नंतर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पडद्यावरची वाट बंद झाली तसा पैसा मैदानात उतरला. जागतिक आरोग्य संघटना दारूच्या जाहिराती, प्रायोजकत्व आणि प्रसार यांवर निर्बंध सुचवते तेव्हा तिला हेच तीन मार्ग एकत्र बांधायचे असतात.

यातला एक भाग फारसा कुणी बोलत नाही: स्टॉलवर तोंडाने जे सांगितले जाते ते. ‘फेणी सर्दीवर औषध’, ‘पोटाला बरी’, ‘नैसर्गिक, म्हणून त्रास नाही’. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांचे नियम २०१८ चे आहेत; त्यांनुसार लेबलवर आरोग्याचा दावा करता येत नाही आणि धोक्याची सूचना छापावीच लागते. लेबलवर जे छापता येत नाही ते माइकवरून बोलायलाही मुभा नसावी. काजूचा निरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, नैसर्गिक असतो हे खरे. पण दोनदा गाळलेल्या फेणीतले इथेनॉल यकृताला व्हिस्कीतल्या इथेनॉलासारखेच लागते.

‘नियम आले की गावचा फेणीकार संपेल.’

ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. काजूचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. काजूच्या झोनचा (ठरावीक भागात गाळण्याच्या हक्काचा) लिलाव, लाकूडफाटा, मजुरी, भट्टीचा परवाना हे सगळे भागवून हातात थोडेच उरते. मोठ्या कंपनीला परवडेल असे शुल्क त्याच्यावर लादले तर तो मांडवात येणारच नाही. पण नियम नसल्यावर त्याचे काय होते तेही पाहा. मैदानात सगळ्यात मोठी जागा, सगळ्यात सैल ओतणारा हात आणि सगळ्यात जास्त फुकट ग्लास ज्याचे, तिथे गर्दी. फेणीकाराला दिवसाला पाच बाटल्या फुकट वाटणे परवडत नाही. माप सगळ्यांना १० मि.ली. ठरले, तर तो पहिल्यांदा बरोबरीने उभा राहतो; मग चव बोलते, आणि चवीत तो कमी नाही. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्याच हातच्या चवीमुळे.

फ्रान्समध्ये १९९१ पासून दारूच्या जाहिरातींवर कडक कायदा आहे. तरीही स्थानिक पेयांचे पारंपरिक मेळे आणि द्राक्षमळ्यांवरची चव त्याने चालू ठेवली, प्रायोजकत्व मात्र बंद केले. गोव्यानेही भट्टीच्या जागेवरची चव, स्वतः गाळलेल्या हुर्राक-फेणीपुरती, नाममात्र शुल्कात आणि हंगामभराच्या एकाच परवान्यावर द्यावी. लेबल नसलेल्या कॅनमधून ओतायला मात्र तिथेही परवानगी नको. प्रायोजक असलेल्या कार्यक्रमाचे शुल्क वेगळे आणि चांगले भारी असावे.

‘परवाना म्हणजे खाबूगिरी.’

अधिकाऱ्याच्या मर्जीवर जेवढे सोडाल तेवढी ती वाढते. म्हणून अर्ज एका पानाचा आणि मोजता येईल अशा गोष्टींचा हवा: जागा आणि वेळ, ब्रँड आणि त्यांच्या लेबलची नोंद, आणलेल्या सीलबंद बाटल्या, पेयागणिक माप, टोकनांची संख्या, जबाबदार माणसाचे नाव. ७५० मि.ली.च्या बाटलीतून १० मि.ली.चे ७५ घोट निघतात. आठ बाटल्या उघडल्या तर ६००. सांडलवंडीला शेकडा पाच सोडा, म्हणजे गोळा झालेली टोकने ५७० च्या आसपास भरली पाहिजेत. ती ३०० च भरली, तर एकतर घोट दुप्पट गेला किंवा बाटल्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. उघडलेली, अर्धी उरलेली बाटली त्याच रात्री नोंद करून, बूच सीलबंद करून परत जावी किंवा साक्षीदारासमोर ओतून टाकावी, कारण अशाच बाटल्यांत पुढे भेसळ होते. हा तक्ता आयोजकाने तीन दिवसांत तालुका अबकारी कार्यालयात द्यावा आणि खात्याने तो संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे बेरीज कुणालाही करून पाहता येईल.