त्रिकोण निळा आहे, म्हणून?

देवगडच्या दादा,

मोहोराच्या फवारणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झोडपलंत. आजोबा फवारण्या करून नव्वदी पार गेले, डब्यावर निळा त्रिकोण आहे म्हणजे औषध सौम्य, कुणाला काही झालं असेल तर दाखवा, आणि असलं लिहून हापूसचं गिऱ्हाईक तोडू नका.

गिऱ्हाइकाचं आधी. तो लेख आंबा खाणाऱ्याबद्दल नव्हताच, फवारणीची गन धरणाऱ्याबद्दल होता. उंच कलमावर मारायचं तर गन आभाळाकडे. पानांवर न बसलेलं तुषार होऊन त्याच्याच तोंडामानेवर उतरतं. फवारणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते मुख्यतः कातडीतून. सदरा दुपारपर्यंत ओलाकच्च, त्यातच जेवण, आणि संध्याकाळी तो घरच्या कपड्यांबरोबर धुवायला.

आता त्रिकोण. प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम लागतात, त्यावर तो रंग ठरतो. तोंडावाटे 50 पर्यंत लागले तर लाल, 501 ते 5000 तर निळा. म्हणजे आज एकदम अंगात गेलं तर काय, एवढंच तो सांगतो. वीस हंगाम थोडं थोडं अंगावर आलं तर काय, ते त्याला विचारूच नका.

शेतकरी माणूस काटक, हे मान्य. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात फवारणी करणाऱ्या हजारो शेतकऱ्यांवर 1993 पासून लक्ष ठेवलं जातंय. त्यांचं एकूण मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच भरलं (ते सिगारेटही कमी ओढतात). पण त्याच मंडळींच्या पाहणीत 2011 साली दिसलं की पॅराक्वाट (तणनाशक) किंवा रोटेनोन (कीटकनाशक) वापरलेल्यांत पार्किन्सन (हात थरथरण्याचा मेंदूचा आजार) सुमारे अडीचपट. यातलं रोटेनोन झाडाच्या मुळांतून निघतं, हे 'नैसर्गिक आहे, चालतं' म्हणणाऱ्यांसाठी. असलं काही एकट्या आजोबांकडे बघून कळत नाही. शिवाय आजोबा वर्षाला किती वेळा मारत होते? दापोली कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात सहा फवारण्या आहेत. थ्रिप्स ही बारीक कीड आली की तुमच्या बागेत किती होतात ते तुम्हीच मोजा.

राहिलं 'दाखवा'. दाखवणार कसं? बागेत राबणारे बरेचसे नेपाळी गडी, पावसाच्या तोंडावर गावी जातात. उद्या पंधरा वर्षांनी त्यातल्या कुणाचा हात थरथरायला लागला तर तो तिकडे डोंगरात, औषधाचा डबा इकडे. दोन्ही जोडणारी नोंद कुणाकडेच नाही, आणि नोंद नाही म्हणून आजार नाही, असं आपण धरून चालतो.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मारणाऱ्या गड्यांचं रक्तातलं कोलिनेस्टरेज (ही औषधं अंगात गेली की घटणारं एन्झाइम) तपासून घ्या. हंगामाआधी एकदा, ऐन फवारणीत पुन्हा. आकडा दुसऱ्याशी नाही, त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी ताडायचा. कॅलिफोर्नियात 1970च्या दशकापासून मालकावर तसं बंधन आहे. पायरेथ्रॉइडसारखी दुसऱ्या गटातली कीटकनाशकं यात सापडत नाहीत, आणि मुरलेला जुना आजारही नाही. पण गड्याच्या अंगात किती उतरतंय याचा अंदाज येतो. खर्च अर्थात बागवाल्याने करायचा, गड्याच्या पगारातून कापून नव्हे.