घरबसल्या गुन्हेगारीशास्त्र

गणेशचवथीला आम्ही मूळ घरी गेलो असताना शहरातल्या आमच्या घराचे मागचे दार उचकटून चोरांनी गॅसचे दोन सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि आजीची पितळेची समई नेली. परतल्यावर पिशव्या खाली ठेवण्याआधीच ओसरीवर इतके तज्ज्ञ जमले की गुन्हेगारीच्या अभ्यासासाठी कुणी पदवी का घेतो, हेच मला कळेनासे झाले. त्या शिकवणीतून जे पदरी पडले, ते वाचकांच्या सोयीसाठी देत आहे.

प्रथम गुन्हेगार ठरवावा, मग गुन्हा पाहावा. गुन्हेगार 'भायला', म्हणजे गोव्याबाहेरून आलेला, असतो, हे गृहीतच आहे. चेझारे लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ साली जन्मजात गुन्हेगार ओळखण्याची विद्या पुस्तकात मांडली. पण त्या बिचाऱ्याला त्यासाठी कवट्या मोजाव्या लागल्या, आपल्याला बोलण्यातला हेल पुरतो. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज असल्यामुळे या कायद्याचा लाभ आपल्याला मिळाला नाही. ती उणीव आपले तिंटे, म्हणजे गप्पांचे नाके, नेटाने भरून काढत आहेत. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या अभ्यासकांना मात्र असे आढळले की काही वस्त्यांतले रहिवासी दशकांगणिक बदलले, एका देशाचे गेले आणि दुसऱ्या देशाचे आले, तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण तिथे चढेच राहिले. म्हणजे कारण माणसाच्या रक्तात नव्हे, वस्तीच्या हलाखीत शोधावे लागते. असले काही वाचू नये, गप्पांचा रसभंग होतो.

शिक्षेचा विषय निघाला की 'भर बाजारात हात तोडा' म्हणावे. कठोर शिक्षेपेक्षा अटळ शिक्षा गुन्हा रोखते, असे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ सालीच लिहिले असले, तरी तो काही आपल्या वाड्यावरचा नव्हे.

ज्याच्याकडे चोरी झाली त्याला 'दिवा लावून जायला काय झाले होते?' असे अवश्य विचारावे.

तक्रार नोंदवण्याचा हट्ट मात्र धरू नये. मी धरला. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने माझ्याकडे आजीच्या समईचे बिल मागितले आणि मग 'चोरी'ऐवजी 'गहाळ' असे लिहून देण्याचा सल्ला दिला. भरलेला सिलिंडर गहाळ होतो? तो दार उचकटून आपल्या पायांनी चालत जातो? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितले, आणि मी ते सांगितल्यावर मला उद्या यायला सांगितले. अशा तीन खेपा झाल्या. देशाचा वार्षिक गुन्हे-अहवाल १९५३ पासून निघतो आणि त्यात नोंदलेलेच गुन्हे मोजले जातात. म्हणजे वही मिटून ठेवली की रामराज्य! चोर, ऐवज आणि राखणदाराची गैरहजेरी या तिन्हींची गाठ पडली की चोरी होते, असे कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली मांडले. चवथीत ती गाठ अख्ख्या शहरात पडते, तिची तारीख वर्षभर आधी दिनदर्शिकेत छापलेली असते, तरी गस्त कुठे दिसत नाही.

आता हा शहाजोगपणा पुरे. माझ्या ओसरीवर भायल्यांच्या नावाने खडे फोडणाऱ्यांपैकी दोघांच्या मागीलदारी पत्र्याच्या खोल्या आहेत. एकेका खोलीत सहा माणसे, सगळ्यांत मिळून एक संडास, भाड्याची पावती नाही आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना कधी दिलेली नाही. भाडे मोजून घेताना ती माणसे तुम्हाला चालतात आणि चोरी झाली की त्यांचा हेल ऐकू येतो. गोव्यातल्या बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली संसदेत मांडला गेला, तेव्हा तुम्हाला कुणाचाच हेल ऐकू आला नव्हता. त्या रात्री आमच्या मागच्या दाराचा खडखडाट ऐकला, पण 'मांजर असेल' म्हणून उठलो नाही, असे तुमच्यातल्याच एकाने माझ्याकडचा चहा पिताना सांगितले. निदान तेवढे तरी ठाण्यात येऊन लिहून द्या. चौथ्या खेपेला मी सोमवारी जाणार आहे.